माझ्या वर्गातल्या गुल्हाने मॅडम

माझ्या पहिल्या तासाच्या पहिल्या स्लाइडवर, पहिल्याच शब्दात चूक होती, आणि ती गुल्हाने मॅडमनी काढली.

अमरावतीच्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात मी तेव्हा तासिका तत्त्वावर नुकताच लागलो होतो. वय एकोणतीस. एम.ए. शिक्षणशास्त्राचा वर्ग शनिवार-रविवारी भरायचा, कारण विद्यार्थी सगळे नोकरीवाले शिक्षक. माझ्या वाट्याला विषय आला होता डिजिटल साधनांनी कसं शिकवावं हा. मी नवा शर्ट घातला होता. प्रोजेक्टरचा रिमोट हातात धरला होता. ‘प्रस्तूतीकरण म्हणजे काय?’ अशी निळी स्लाइड भिंतीवर टाकली आणि वर्गाकडे वळलो, तर पहिल्या बाकावरून आवाज आला,

“सर, ‘स्तु’ ऱ्हस्व पाहिजे.”

मी वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतभर दीर्घ ‘स्तू’ पसरला होता.

“दीर्घच ठेवायचा असंल तं ठेवा बाप्पा, वर्ग तुमचा हाय,” त्या म्हणाल्या. “पण हे सारे मास्तर लोक हायेत. सोमवारी आपापल्या गावी जाऊन हेच लिवतील.”

पन्नाशी केव्हाच ओलांडलेल्या, ठेंगण्या, कडक इस्तरीची सुती साडी, चष्म्याची दोरी गळ्यात. शेंदूरजनाघाटच्या. नवऱ्याचा संत्र्याचा बगीचा होता, आणि त्या वरूडकडच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. दर शनिवारी पहिल्या गाडीनं अमरावतीला यायच्या आणि पहिल्याच बाकावर बसायच्या. मी एकदा म्हटलं, मॅडम, मागं पंखा आहे, तिथं बसा. त्या म्हणाल्या, “मागं बसणारे काय करतात, ते मले तीस वर्षांपासून माहीत हाय.”

त्यांच्या दोन भाषा होत्या. उभ्या राहिल्या की पाठ्यपुस्तकासारखं प्रमाण मराठी. बसल्या की वऱ्हाडी. कॉम्प्युटरशी मात्र त्या बसून बोलायच्या, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त वऱ्हाडी आली. “काहून रे, आता काहून थांबला? मी काही केलं काय तुले?” असं त्या पडद्याला विचारायच्या आणि खरोखर उत्तराची वाट पाहत बसायच्या.

खाकी कागदाचं कव्हर घातलेल्या वहीत त्या माझा शब्दन् शब्द उतरवून घेत. एकदा त्या चहाला गेल्या असताना ती वही उघडी राहिली होती. मी डोकावलो. ‘चित्र घालणे’ या मथळ्याखाली सुरेख अक्षरात लिहिलं होतं: ‘प्रथम वरच्या पट्टीवर जाणे. चित्राची खूण दाबणे. चौकट उघडते. घाबरू नये. चित्र निवडणे. चित्र फार मोठे आल्यास कोपऱ्यातून धरून लहान करणे. मधून धरल्यास माणूस जाडा होतो.’ त्याखाली लाल शाईत: ‘सरांनी हे फार घाईत सांगितले.’

चूक दुरुस्त करण्याची त्यांची पद्धत मला शेवटपर्यंत बदलता आली नाही. मी शिकवलं होतं की चुकलं तर मागे जायचं बटण दाबा, चूक नाहीशी होते. त्यांना ते पटेना. “नाहीशी काहून करायची? खोडलेलं दिसलं म्हणजे पोट्ट्याले समजते, मॅडमही चुकते. मंग ते लिवाले भीत नाही.” त्यामुळे त्यांच्या स्लाइडवर चुकलेल्या शब्दावर आडवी रेघ आणि पुढे बरोबर शब्द. बाकी सगळ्यांच्या स्लाइड चकाचक. मॅडमची स्लाइड तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखी.

ॲनिमेशनचा तास झाला आणि आमच्या वर्गाचं स्वास्थ्य बिघडलं. अक्षरं गिरक्या घेत येतात, चित्रं उडी मारतात, टाळ्यांचा आवाज लावता येतो, हे कळल्यावर मॅडमना आठवडाभर झोप लागली नसावी. पुढच्या शनिवारी त्यांनी ‘कलम’ या विषयावर सादरीकरण केलं. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा कसा बांधतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? माहिती उत्तम होती. पण प्रत्येक ओळ गोल फिरत यायची, मध्येच थबकायची आणि मग जागेवर बसायची. शेवटच्या स्लाइडवर फळांनी लगडलेलं झाड होतं. मॅडमनी बटण दाबलं. एक संत्रं टपकन खाली पडलं. टाळ्या वाजल्या. दुसरं पडलं. टाळ्या. झाडावर चाळीसेक संत्री असावीत आणि त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतंत्र पाडलं होतं. दहाव्या संत्र्याला वर्ग हसायला लागला, विसाव्याला मीही तोंड फिरवलं.

मॅडम गंभीरपणे झाडाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडं गळ झाली तं माणसं डोक्याले हात लावून बसतात. अठी टाळ्या वाजून राह्यल्या!” आणि मग आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसल्या. उरलेली संत्री पडेपर्यंत कोणीही जागचं हललं नाही. त्यांना ते मधेच थांबवता येत नव्हतं, हे त्यांनी नंतर मला खासगीत सांगितलं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात खुपत होती. मी कधी फळ्यावर काही लिहायला बोलावलं की मॅडम टाळायच्या. “तुमीच लिवा सर.” कधी चष्मा सापडायचा नाही, कधी खडूची ॲलर्जी. वर्गात वैशाली नावाची एक तरुण शिक्षिका होती, शाळेत असताना मॅडमची विद्यार्थिनी. तिनं मला सांगितलं होतं की मॅडम रंगीत खडूंनी फळ्यावर मानवी हृदय काढायच्या, तेही पुस्तकात न पाहता. आणि ते काढताना शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहायची. पुसायच्या दिवशी मुलंच म्हणायची, मॅडम, आज राहू द्या. अशी बाई फळ्यापुढे जात नाही, म्हणजे माझ्यासारख्या कालच्या पोरापुढे उठणं तिला कमीपणाचं वाटतं, असा मी अर्थ काढला. मनातून जरा रागावलोही होतो.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रात्यक्षिक पाठ असायचा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या अनोळखी शाळेत जाऊन, डिजिटल साधनं वापरून एक तास घ्यायचा, समोर बाहेरून आलेले परीक्षक. मॅडमचा पाठ अकोल्याला होता. माझं घर अकोल्यातच, जठारपेठेत. शिवाय महाविद्यालयातर्फे मला हजर राहायचंच होतं. म्हणून आम्ही एकाच गाडीनं निघालो. मूर्तिजापूर सुटल्यावर मी धीर करून विचारलं.

“मॅडम, राग मानू नका. तुम्ही फळ्यावर का लिहीत नाही?”

त्यांनी उजवा हात हळूहळू वर उचलला. खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला. चेहऱ्यावर कळ उमटली.

“इथपर्यंत माझा,” त्या म्हणाल्या. “इथून वर डॉक्टरचा.”

त्यांनी हात सावकाश मांडीवर ठेवला.

“दोन वर्षं झाले, बाबू. खांदा गोठला म्हणते डॉक्टर. शेक घेतला, व्यायाम केला, सुया घेतल्या. तीस वर्षं हात वर करून लिवलं, आता तो म्हणते, बस झालं.” वर्गाबाहेर मी ‘सर’चा ‘बाबू’ होत असे. “हेडमास्तर म्हणतात, मॅडम, तुमी आता लायब्ररी पाहा, तासाचं टेन्शन घेऊ नोका. आमच्या घरचे म्हणतात, सोड नोकरी, बगीच्यात खुर्ची टाकून बस.”

“मग?”

“मंग काय? खुर्चीवर बसून झाडाले शिकवू काय मी?”

मी हसलो नाही. त्याही हसल्या नाहीत.

“कागदावर काढता येते मले,” त्या म्हणाल्या. “टेबलावर हात टेकला का काही दुखत नाही. मी म्हटलं, कागदावरचं भिंतीवर जाते ना त्या मशिनीनं? तेच शिकतो. वर्गातल्या लोकांले वाटते, मॅडमले म्हातारपणी डिग्रीचा शौक आला. वाटू द्या. तू कोणाले सांगू नोको.”

माझा जुना राग मला अकोल्यापर्यंत टोचत राहिला.

शाळा जुनी होती, पण आठवीच्या वर्गात प्रोजेक्टर होता आणि पांढऱ्या बोर्डावरच चित्र पडायची सोय होती. परीक्षक मागच्या बाकावर बसले. उंच, अबोल गृहस्थ; समोर गुणांचा तक्ता, हातात टोक केलेली पेन्सिल. मी त्यांच्या शेजारच्या रांगेत. मॅडमचा विषय होता हृदय. त्यांनी ते घरी टेबलावर, रंगीत पेन्सिलींनी काढलं होतं, मोबाइलनं फोटो घेतला होता आणि स्लाइडवर बसवलं होतं. चित्र बोर्डावर आलं आणि मुलं एकदम शांत झाली. वैशाली खरं बोलली होती. लाल आणि निळ्या रंगातलं ते हृदय आत्ता हलेल असं वाटत होतं.

पण त्याच्या भोवती जी नावं यायला हवी होती, तिथं भलतंच काहीतरी आलं. ठिपके, कंस, उलटी चिन्हं, कुठल्या तरी परक्या लिपीतली अक्षरं. पुढची स्लाइड, तीही तशीच. त्याच्या पुढचीही.

मला लगेच कळलं. मी वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की युनिकोडमध्येच टाइप करा. जुना फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला तर सगळं मातेरं होतं. मॅडमनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. मग? नंतर त्यांनी कबूल केलं. युनिकोडमधला ‘ल’ त्यांना बेढब वाटायचा. एवढ्या सुंदर हृदयाशेजारी असलं अक्षर नको, म्हणून आदल्या दिवशी शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी सगळी नावं जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केली होती. मला न सांगता.

त्या पुन्हा हृदयाच्या स्लाइडवर आल्या आणि बोर्डासमोर उभ्या राहिल्या. एका अंगाला मार्करपेन ठेवलेलं होतं. ज्याला हात वर करता येतो, अशा कोणीही ते उचलून पाच मिनिटांत नावं लिहिली असती. मॅडमनी पेनाकडे पाहिलं. उजवा हात जरासा हलला आणि पुन्हा पदराशी आला.

तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, हे डॉक्टरनं लिवलं काय?”

वर्ग खदखदून हसला. मॅडमनी त्याला हसू दिलं. मग पाठ्यपुस्तकी मराठीत म्हणाल्या,

“हो. हृदयाचे डॉक्टर आहेत, फार घाईत होते. मलाही वाचता येत नाही. आता त्यांनी काय लिहिलं असेल, ते तुम्हीच शोधायचं आहे. पुस्तकं बंद. बोटाला नाडी सापडते का पाहा.”

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं, ते मी नंतर कधी कोणाच्या वर्गात पाहिलं नाही. चाळीस मुलं स्वतःचं मनगट धरून बसली. रक्त इकडून आलं, मग जातं कुठं? परत फिरलं तर? त्याला अडवतं कोण? एकेक उत्तर आलं की त्या म्हणत, “जा, लिही,” आणि ते मूल उठून, मार्कर घेऊन, बोर्डावरच्या त्या परक्या अक्षरांवर आडवी रेघ मारून शेजारी नाव लिहायचं. महाधमनी पार वर होती. तिथं वर्गातली सर्वांत उंच मुलगी गेली. मग एकानं ‘डावे निलय’ उजव्या बाजूला लिहिलं आणि भांडण पेटलं. अर्धा वर्ग म्हणे चूक, अर्धा म्हणे बरोबर. मॅडमनी त्याला बोर्डाला पाठ लावून उभं केलं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर हृदय पडलं.

“आता हे कोणाचं आहे?”

“माझं.”

“तुझा डावा हात वर कर.”

त्यानं हात वर केला आणि सगळ्या वर्गाच्या तोंडून एकाच वेळी “हां!” निघालं. मागच्या बाकावर पेन्सिल थांबली होती.

तास संपला. मुलं बाहेर गेली. परीक्षक पुढे आले, बोर्डाकडे बराच वेळ पाहत राहिले. मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरांनी हृदय वेढलं गेलं होतं.

“मॅडम,” ते म्हणाले, “पाठ फार चांगला झाला. एकच विचारतो. ही वाचता न येणारी अक्षरं तुम्ही मुद्दाम घातली होती ना? मुलांनी शोधावं म्हणून?”

त्यांच्या मागे उभा राहून मी जोरजोरात मान हलवली. हो म्हणा, हो म्हणा. मॅडमना मी स्पष्ट दिसत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तीस वर्षांत कॉपी करताना धरलेल्या पोरांकडे जसं पाहिलं असेल तसं.

“नाही सर,” त्या म्हणाल्या. “फॉन्ट बिघडला. आमच्या सरांनी शिकवलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे.”

परीक्षकांनी मान डोलावली. तक्त्यात ‘तांत्रिक पूर्वतयारी’ असा रकाना होता. तिथं त्यांनी काहीतरी लिहिलं, आणि ते काय असणार ते आम्हा तिघांनाही कळलं.

दुपारी मी त्यांना घरी जेवायला नेलं. आईनं ज्वारीची भाकर आणि पातोडीची भाजी केली होती. दोघींचं पाच मिनिटांत जमलं. आईनं विचारलं, “आमचा पोरगा बरा शिकवते काय वं ताई?”

“शिकवते चांगलं,” मॅडम म्हणाल्या. “घाई करते. अन् ऱ्हस्व-दीर्घाकडं तुमी लक्ष द्या.”

“लहानपणापासून तसाच हाय,” आई म्हणाली. दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेनं पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं.

निकाल लागला तेव्हा मॅडमचा प्रथम वर्ग तीन गुणांनी हुकला होता. प्रात्यक्षिकात त्या एका रकान्यात पाच गुण कापले गेले होते. मी चडफडत फोन केला. म्हटलं, मॅडम, एक ‘हो’ म्हटलं असतं तर!

“बरोबर कापले,” पलीकडून आवाज आला. “मी परीक्षक असती तं सहा कापले असते. सांगतलेलं ऐकलं नाही त्याचा एक वेगळा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुले वाईट वाटलं काय?”

“हो.”

“मले पण वाटलं. दोन दिवस. आता नाही वाटत.”

प्रथम वर्ग हुकला, पण लायब्ररीही हुकली. त्यांच्या शाळेत एक प्रोजेक्टर खोक्यातून बाहेरच न काढता कपाटात पडून होता. मॅडमनी तो हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, लावून पाहा, किंवा मला लावू द्या. सहामाहीच्या आत विज्ञानाचे सगळे तास पुन्हा त्यांच्याकडे आले. हे मला वैशालीनं सांगितलं. मॅडमनी सांगितलं ते एवढंच, की आता सगळ्या स्लाइड युनिकोडमध्ये आहेत आणि ‘ल’ अजूनही बेढब आहे.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. मी एका कामासाठी वरूडला गेलो होतो, तिथं तालुक्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं आणि गुल्हाने मॅडम त्यात मार्गदर्शक होत्या. भेटावं म्हणून मी शोधत शोधत त्या खोलीपाशी गेलो. चहाची सुटी झाली होती, सगळे बाहेर व्हरांड्यात होते. दार अर्धवट उघडं होतं.

आत एकच गुरुजी बसले होते. पिकलेल्या मिशा, टोपी मांडीवर, कपाळावर घाम. समोर लॅपटॉप. त्यांच्या स्लाइडवर मुलांच्या सहलीचा एक फोटो होता आणि तो त्यांना चौकटीत बसवायचा होता. बाण पडद्यावर भिरभिरत होता. फोटो ताणला जायचा, निसटायचा, कोपऱ्यात जाऊन पडायचा. गुरुजी पुन्हा धरायचे.

मॅडम त्यांच्या मागे उभ्या होत्या. एका क्लिकचं काम होतं. पण त्यांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट पदराशी घट्ट धरून ठेवलं होतं.

“होते गुरुजी,” त्या म्हणत होत्या. “मले काही घाई नाही.”

बाहेर चहा निवत होता. मी हाक मारली नाही.